उशिरा उठणारे पुरळ

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे येताना रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले आपण पाहतो. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले, असा लोकांचा समज आहे. पुण्यात त्याची नोंद 1956 साली झाली. पुढे शेतकऱ्यांचे व मजुरांचे चेहरे त्याने सुजू लागले, मानेची कातडी जाड व काळी पडू लागली. 1974 साली लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी या त्वचारोगाविषयी लिहिले.

या विकाराची खोड अशी की तो उशिरा उठतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने एखादा घटकाभरात कोसळतो, ती ॲलर्जी वेगळी. येथे आज गवत उपटावे आणि एकदोन दिवसांनी अंगाला खाज सुटावी! हा उशीर गरिबाला महाग पडतो. मुकादम म्हणतो, "काल तर धडधाकट होतास." हे वाक्य मी युनियनच्या कामात इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा राग येणेही आता थांबले.

थोड्याथोड्या मात्रेने शरीराला सवय लावण्याची युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील बेस्रेद्का यांनी 1907 साली गिनीपिगांवर ती दाखवली; पण ती घटकाभरात होणाऱ्या ॲलर्जीवर. उशिराच्या ॲलर्जीचे तसे नाही. चंदीगडला गाजरगवताचा अर्क रुग्णांना पोटात वाढत्या मात्रेने देऊन पाहिला, त्याचा वृत्तांत 2001 साली आला. पुष्कळांना उतार पडला, काहींचा विकार उलट बळावला.

कर्करोगाच्या औषधांनाही हीच युक्ती लावली गेली. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2008 साली 98 रुग्णांचा अहवाल दिला. औषध पातळ करून, बारा टप्प्यांनी, सुमारे सहा तासांत ते शिरेतून देत. शरीर ते सोसते. मात्र ही सवय टिकत नाही, पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ करावा लागतो. पुरळ उशिरा उठणाऱ्यांना मात्रा याहूनही सावकाश वाढवून देतात. तोंडात फोड आले, कातडी सुटू लागली, तर मात्र सवय लावण्याचा विचारच करीत नाहीत. ते औषध बंद.

परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले. आपल्याकडची माणसे तेथे जातात, सलाईन घेऊन परततात, आणि पुरळ तिसऱ्या दिवशी घरी उठते. डॉक्टरांना ते दिसतच नाही. पुढच्या खेपेपर्यंत ते मावळते, आणि औषध बंद करतील या भयाने रुग्णही बोलत नाही. त्याने पुरळाचा दिवस कागदावर लिहून ठेवावा, फोटो काढावा, आणि सलाईन लागण्यापूर्वी ते दाखवावे. फोड तोंडात आले असतील तर पुढच्या तारखेची वाटही पाहू नये.