सात आठे, आठ साते

लहानपणी मी 'सात आठे छप्पन्न' आणि 'आठ साते छप्पन्न' वेगवेगळं पाठ केलं. उत्तर एकच का, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "नियम आहे, पाठ कर."

हा नियम म्हणजे क्रमनिरपेक्षता. युक्लिडला मात्र तो नुसता मान्य करणं पुरेसं वाटलं नाही. सुमारे 2300 वर्षांपूर्वी त्यानं 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात तो सिद्ध केला. आपल्याला खडेही पुरतील. सात ओळींत आठ-आठ खडे मांडा आणि बाजूला येऊन पाहा. आता ओळी आठ, प्रत्येकीत सात. खडे तेवढेच!

या गुणधर्माचं आजचं पाश्चात्त्य नाव फ्रेंच गणिती सेर्व्वा यानं 1814 मध्ये वापरलं. पुढे 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये, कालव्याकाठी चालताना, हॅमिल्टनला अशा नव्या संख्या सुचल्या की त्यांच्या गुणाकारात क्रम बदलला तर उत्तरही बदलू शकतं.

म्हणजे हा नियम सगळीकडे चालत नाही. माझा 'का' वेडगळ नव्हता. तुमच्या घरातल्या मुलानं तो विचारला, तर त्याच्या हातात छप्पन्न खडे द्या.