रंगवायचे विमान धरायचे कुठे? मोडनिंबचा रूळ, राईटबंधूंचे स्पोक आणि एक घरगुती अडणी

१/१५
मी रंगवलेल्या पहिल्या विमानाच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. छोटेसे विमान, ओला रंग आणि ते धरण्यासाठी हातावाचून दुसरे साधन नाही, अशी ती परिस्थिती होती. वरची बाजू रंगवावी तर पोटाखाली बोटे, पोट रंगवावे तर पंखांवर बोटे. अखेर मोडनिंबला घरीच एक अडणी तयार केली. ती करताना जो इतिहास हाती लागला, तो या धाग्यात सांगतो. त्यात डेटनचे सायकलचे दुकान आहे, लंडनचा टॉवर ब्रिज आहे आणि आमच्या गावावरून गेलेला रूळही आहे.

२/१५
प्रथम शब्दाविषयी. ‘स्टँड’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे, पण वस्तू टेकवण्याच्या साधनांना आपल्याकडे नावांची वाण कधीच नव्हती. शंख वा ताट ठेवायची ती अडणी. पाण्याचे हंडे ठेवायची ती घडवंची. तीन पायांची ती तिवई. सुताराची ती घोडी. प्रत्येक साधन एका विशिष्ट वस्तूसाठी घडलेले आहे. काय ठेवायचे, त्याचे वजन किती आणि त्याचा कोणता भाग मोकळा राहिला पाहिजे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या घडणीत असतात. विमानाच्या अडणीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात.

३/१५
रंगकामातील हा पेच आपल्या कारागिरांनी फार पूर्वी सोडवला आहे. गणपतीची मूर्ती पाटावर बसवलेली असते. रंगारी पाट फिरवतो, मूर्तीला हात लावत नाही. डोळ्यांची आखणी करताना तर हे पथ्य अधिकच कडक होते. मूर्तीला मात्र एक सोय असते. तिला बैठक असते आणि बैठकीचा तळ कोणी पाहत नाही. विमानाला असा झाकलेला तळ नसतो. ते आकाशात असायचे, म्हणून त्याच्या सर्व बाजू दर्शनी. त्यामुळे आधार द्यायचा तो पृष्ठभागावर न देता एखाद्या छिद्रात, खाचेत किंवा नाकाच्या टोकाशी द्यावा लागतो.

४/१५
आता थोडे मागे जाऊ. माणसाला वाहून नेणाऱ्या विमानाच्या कितीतरी आधी विमानाची प्रतिकृती उडाली. ऑगस्ट १८७१ मध्ये अल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान दहा-बारा सेकंद स्थिरपणे उडवून दाखवले. त्याच्याच कल्पनेवरचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या मुलांसाठी घरी आणले. मोठ्याचे वय ११, धाकट्याचे ७. नावे विल्बर आणि ऑर्विल राईट.

५/१५
हे दोघे पुढे डेटन येथे सायकली बनवू आणि दुरुस्त करू लागले. १९०० आणि १९०१ मध्ये त्यांनी केलेली ग्लायडर गणिताने सांगितल्यापेक्षा बरीच कमी उचल देत होती. गणित चुकले की त्यामागची कोष्टके? याचा निवाडा करण्यासाठी १९०१ च्या शरद ऋतूत त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पत्र्याचे छोटे छोटे पंख ठेवून मोजमापे घेतली. सुमारे २०० आकार त्यांनी तपासले.

६/१५
येथे खरा प्रश्न ‘ठेवण्याचा’ होता. वाऱ्याच्या झोतात चिमुकला पंख असा धरायचा की धरणाऱ्या वस्तूमुळे झोत बिघडू नये आणि पंखाला हलायची मोकळीकही राहावी. त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलचे स्पोक यांपासून एक नाजूक तराजू जुळवला. पंखाची उचल आणि त्याच झोतातील सपाट पट्ट्यांचा रोध यांची तो तुलना करी. त्यामुळे वाऱ्याचा वेग किंचित बदलला तरी उत्तर बदलत नसे. हवेच्या दाबाचा त्या काळी सर्वत्र वापरला जाणारा गुणांक फार मोठा धरलेला आहे, हे त्यांना या प्रयोगांच्या काळातच पक्के झाले. दुकानातल्या भंगारापासून केलेली ती अडणी विमानविद्येतील एका मोठ्या दुरुस्तीची साक्षीदार आहे.

७/१५
१७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, अंतर १२० फूट. सात वर्षांच्या आत राईट बनावटीची विमाने युरोपातील धाडसी तरुणांच्या हाती आली. त्यांतील एक चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईस या नावातील पहिला भाग. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली. पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, बोर्नमथ येथील प्रदर्शनात त्याच्या राईट विमानाची शेपटी मोडली. तो फार उंचावर नव्हता, तरीही वाचला नाही. यांत्रिक विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश.

८/१५
रोल्सच्या मित्रांत एक रेल्वे अभियंता होता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आणि येथे कथा मोडनिंबला येते. १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आलेल्या या माणसानेच बार्शी लाईट रेल्वे उभी केली. अडीच फुटी रुळांची ही ‘छोटी गाडी’ १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे फाटा गेला आणि त्यावर मोडनिंब हे स्थानक आले. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या छोट्या गाडीने विठ्ठलाच्या दर्शनाला गेल्या.

९/१५
कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व रुंदी कमी करण्यात नव्हते. अरुंद रूळ इतरांनीही टाकले होते. त्याने एक नियम घातला: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. इंजिन जड हवे असेल तर आस वाढवा. त्यामुळे यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि तरीही डबे प्रशस्त राहिले. आधार जाड करण्यापेक्षा भार नीट वाटावा, हा विचार सोलापूरच्या काळ्या मातीवर धावत होता. माझ्या अडणीने तो जसाच्या तसा उचलला आहे.

१०/१५
रोल्सच्या मृत्यूनंतर कॅलथ्रॉप दुसऱ्या आधाराकडे वळला, तो म्हणजे कोसळणाऱ्या माणसाला सावरणारा आधार. १९१३ पासून त्याने हवाई छत्रीची पेटंटे घेतली. त्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’, अर्थात रक्षक देवदूत. घडी केलेली छत्री विमानाला जोडलेल्या डब्यात असे. वैमानिकाने उडी टाकली की त्याच्या वजनानेच ती बाहेर ओढली जाई. दोऱ्या गुंतू नयेत म्हणून त्या क्रमाने लावून ठेवलेल्या असत. रोल्स कमी उंचीवरून पडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे झटपट उघडण्याचा हा आग्रह समजतो.

११/१५
जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाईव्ह कॉलेट याने ही छत्री घेऊन विमानातून यशस्वी उडी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतील ऑर्ड-लीस याने थेट लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी टाकली. उंची जेमतेम दीडशे फूट, तरीही छत्री उघडली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी ती वापरलीही गेली. मात्र पहिले महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना छत्री नियमितपणे मिळाली नाही. वजन, जागा, भरवसा अशी कारणे पुढे आली. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्र्या वापरत होते, तेव्हा ब्रिटिश तरुण जळत्या विमानांसह खाली येत होते.

१२/१५
प्रतिकृतींना युद्धकाळात वेगळेच काम मिळाले. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख विमान-प्रतिकृती मागवल्या. प्रमाण १:७२, रंग काळा. काळा अशासाठी की, आकाशात शत्रूचे विमान आधी ओळखू येते ते छायाकृतीवरून. या प्रमाणात ३५ फुटांवर धरलेली प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. गुणाकार करून पाहा. आज छंद म्हणून मिळणाऱ्या विमानांचे एक प्रमुख प्रमाण हेच आहे. स्पिटफायरचा पंखविस्तार त्यात अवघा साडेपंधरा सेंटिमीटर भरतो.

१३/१५
आता अडणी. साहित्य असे: वीत-सव्वा वीत चौरस जड फळी, वीतभर उंचीचा लाकडी खुंट, सायकलचे तीन-चार जुने स्पोक, वालट्यूबचे तुकडे आणि एक जुने बेअरिंग. फळीच्या मध्याशी बेअरिंग, त्यावर खुंट, म्हणजे विमान न शिवता फिरवता येते. एका स्पोकच्या टोकावर वालट्यूब चढवून ते नाकातल्या, पंख्याच्या दांड्याच्या छिद्रात घट्ट बसवावे. रबर पकडही देते आणि ओरखडाही पडू देत नाही. उरलेल्या स्पोकांची दोन बेचकी वाकवावीत. रंग वाळल्यावर चाके वा खुणा लावताना विमान त्यांवर टेकते. एक बेचके पंखांच्या पुढे, दुसरे शेपटीकडे. भार वाटला गेला पाहिजे, कॅलथ्रॉपची आठवण ठेवून.

१४/१५
बोटावर तोलून विमानाचा गुरुत्वमध्य आधी शोधावा, नाहीतर मागे जड असलेले विमान नाकावरच्या आधारातून निसटते. रंगात क्रम पाळावा: आधी पोट, मग वरची बाजू, आधी फिका रंग, मग गडद. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी फवारा मारू नये. कोरड्या उष्ण हवेत रंगाचे कण पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतात आणि पंख खरखरीत होतो. सकाळची वेळ उत्तम. धुळीपासून बचावासाठी वर घमेले उपडे घालावे, कडेखाली दोन काड्या सरकवाव्यात, म्हणजे वारा खेळता राहतो.

१५/१५
कॅलथ्रॉप १९२७ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याचा रूळ पंढरपूरहून मिरजेला पोहोचला आणि लाईन २०२ मैलांची झाली. १९५४ मध्ये ती भारतीय रेल्वेत आली. या शतकात अडीच फुटी रूळ उखडून ब्रॉडगेज आले. संग्रहालयात इंजिने उरतात, विमाने उरतात. त्यांचा भार वाहणारे रूळ भंगारात जातात आणि कोणत्या आसावर किती टन याची नोंद शोधावी लागते. म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्या गावावरून गेलेला रूळ, पूल वा कालवा कोणी आखला, ते शोधा आणि खाली लिहा. माझे दुसरे विमान आता स्पोकवर वाळते आहे. त्याच्या पंखावर ठसा नाही.