सहाय्यक व्यक्ती (पॉक्सो कायदा)

लैंगिक अत्याचार किंवा देहव्यापारासाठी होणारी तस्करी यांना बळी पडलेल्या १८ वर्षांखालील मुलामुलींना तपासाच्या आणि खटल्याच्या संपूर्ण काळात सोबत करण्यासाठी बालकल्याण समितीने नेमलेल्या व्यक्तीस भारतात ‘सहाय्यक व्यक्ती’ असे म्हणतात. ही तरतूद लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (प्रचलित नाव : पॉक्सो कायदा) या कायद्याखालील नियमांत आहे. सहाय्यक व्यक्ती ही बालकाचा वकील नसते, तपास अधिकारी नसते आणि समुपदेशकाची जागाही घेत नाही. पोलीस ठाणे, रुग्णालय, समिती आणि न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी बालकासमोर नवे अनोळखी चेहरे येतात. या सर्व ठिकाणी एक तरी ओळखीचा चेहरा बरोबर असावा, हा या नेमणुकीमागील मूळ हेतू आहे.

पार्श्वभूमी

फौजदारी न्यायप्रक्रियेत गुन्हा हा राज्याविरुद्धचा मानला जातो. खटला सरकारी वकील चालवतात, आरोपीची बाजू त्याचा वकील मांडतो आणि ज्याच्यावर अत्याचार झाला ते बालक मुख्यतः साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहते. या रचनेत बालकाला धीर देणे, पुढे काय होणार हे समजावून सांगणे किंवा त्याची भीती न्यायालयापर्यंत पोहोचवणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते.

ही उणीव महाराष्ट्रात तस्करीच्या प्रकरणांतून ठळकपणे पुढे आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्त्यांवर घातलेल्या छाप्यांत ४०० हून अधिक मुली व स्त्रियांची सुटका झाली. त्यांत नेपाळमधून आणलेल्यांची संख्या मोठी होती. सुटकेनंतर त्यांना कोठे ठेवायचे, त्यांची भाषा कोण बोलणार आणि त्यांना घरी कोण पोहोचवणार, हे प्रश्न त्या वेळी शासन आणि स्वयंसेवी संस्था या दोहोंपुढे उभे राहिले. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेने पुढे मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलींच्या वतीने आरोपींचाच वकील उभा राहतो, ही गोष्ट या प्रकरणात न्यायालयासमोर आली. २००२ च्या निकालात न्यायालयाने अशा मुलींना बालकल्याण समितीपुढे हजर करावे आणि योग्य चौकशीवाचून कोणाच्याही ताब्यात देऊ नये, असे निर्देश दिले.

‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निकाल दिला. साक्ष देताना बालकाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा वापरणे, उलटतपासणीतील प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देऊन त्यांच्यामार्फत विचारणे आणि मध्ये पुरेशी विश्रांती देणे, हे निर्देश त्यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००५ मध्ये बालपीडित व बालसाक्षीदारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या सहाय्यक व्यक्तीचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला आणि त्याखालील नियमांतून ही संकल्पना भारतीय कायद्यात आली. सध्या २०२० चे नियम लागू आहेत.

नेमणूक

गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी ती २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावयाची असते. बालन्याय अधिनियमानुसार या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. समिती बालक आणि त्याचे पालक किंवा बालकाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती यांच्या संमतीने सहाय्यक व्यक्ती नेमते. नेमणुकीची लेखी माहिती पोलिसांनी २४ तासांत विशेष न्यायालयाला द्यावी लागते.

बालहक्क किंवा बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी व्यक्ती अथवा संस्था, बालक ज्या बालगृहात किंवा निवारागृहात राहते तेथील अधिकारी, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी यांची या कामासाठी निवड होऊ शकते. अशा व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावी, असा नियम आहे.

सहाय्यक व्यक्ती नको असल्यास बालक व पालक समितीला तसे सांगू शकतात आणि त्यासाठी बालकाला कोणतेही कारण द्यावे लागत नाही. अत्याचारात बालकाची इच्छा पूर्णपणे डावललेली असते. त्यामुळे मदत नाकारण्याचा हा अधिकार या क्षेत्रात विशेष मोलाचा मानला जातो.

कर्तव्ये

नियमांनुसार सहाय्यक व्यक्तीची प्रमुख कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत :

१. बालकासंबंधीची सर्व माहिती सदैव गोपनीय ठेवणे.
२. खटल्याची स्थिती, उपलब्ध मदत, न्यायालयीन कार्यपद्धती आणि संभाव्य निकाल यांची माहिती बालकाला व पालकांना देत राहणे.
३. न्यायप्रक्रियेत आपली भूमिका काय असेल, हे बालकाला सांगणे.
४. आरोपीकडून वाटणारी भीती आणि साक्ष कशा पद्धतीने द्यावी याविषयीची बालकाची इच्छा संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे.

खटला संपेपर्यंत सहाय्यक व्यक्तीने समितीला दरमहा अहवाल द्यावयाचा असतो.

कामाचे टप्पे

जबाब : पॉक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा आणि शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो नोंदवावा. त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावेत, तसेच बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये. हे नियम पाळले जातात की नाही, इकडे सहाय्यक व्यक्तीचे लक्ष असते. जबाब बालकाच्या स्वतःच्या शब्दांत उतरला पाहिजे. लहान मूल अवयवांसाठी घरातले शब्द वापरते किंवा घटनेची वेळ घड्याळाऐवजी ‘शाळा सुटल्यावर’, ‘आई कामावर गेली तेव्हा’ अशी सांगते. हे शब्द ‘सुधारून’ लिहिले गेले, तर पुढे उलटतपासणीत मूल आपल्याच जबाबापाशी अडखळते.

वैद्यकीय तपासणी : प्रथम माहिती अहवाल नोंदवलेला नसला तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करावी आणि त्या वेळी पालक किंवा बालकाच्या विश्वासातील व्यक्ती हजर असावी, असे कलम २७ सांगते. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयाने कोणतेही कागदपत्र मागू नये. प्रत्येक कृतीपूर्वी काय होणार आहे आणि ते कशासाठी, हे बालकाला आधी सांगणे हे या टप्प्यावरील मुख्य काम असते.

न्यायालय : साक्षीपूर्वी बालकाला रिकामे न्यायालय दाखवणे, न्यायाधीश कोठे बसतात, पडदा कोठे असतो, हे समजावणे उपयोगी ठरते. ‘प्रश्न समजला नाही’, ‘आठवत नाही’ किंवा ‘थोडे थांबायचे आहे’ असे म्हणता येते, हेही बालकाला सांगावे लागते. कलम ३३ नुसार न्यायालयाने आक्रमक किंवा चारित्र्यहनन करणारे प्रश्न विचारू देऊ नयेत, बालकाला वारंवार बोलावू नये आणि मध्ये विश्रांती द्यावी. सुनावणी बंद दालनात होते.

नुकसानभरपाई : विशेष न्यायालय प्रथम माहिती अहवालानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडला नाही, तरीही बालकाचे नुकसान झाले असल्याचे न्यायालयाचे मत असेल, तर भरपाई मिळू शकते. अन्न, कपडे, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी समिती स्वतंत्रपणे विशेष साहाय्याची शिफारस करू शकते. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य योजना’ लागू आहे. अनेक कुटुंबांना या तरतुदी ठाऊक नसल्याने त्या कळवण्याचे काम सहाय्यक व्यक्तीवर येते.

भूमिकेच्या मर्यादा

सहाय्यक व्यक्तीने बालकाला साक्ष पढवू नये, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा दंडक आहे. साक्ष कशी चालते हे समजावणे योग्य आहे, पण साक्षीत काय सांगावे हे सुचवणे योग्य नाही. ‘तुला कोणी शिकवून पाठवले आहे का’ हा प्रश्न बचाव पक्ष हमखास विचारतो. सहाय्यक व्यक्तीचा एखादा आगंतुक शब्द जरी बालकाच्या साक्षीत उतरला, तरी खऱ्या साक्षीवर संशय येऊ शकतो. त्यामुळे अनुभवी कार्यकर्ते घटनेचा तपशील बालकाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत नाहीत. जे सांगायचे ते बालकानेच सांगावे, मात्र ते सांगताना त्याला एकटे वाटू नये, अशी या भूमिकेची विभागणी आहे.

गोपनीयतेलाही सीमा आहेत. लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा कलम १९ व २१ नुसार गुन्हा आहे. म्हणून ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन बालकाला देता येत नाही. कोणती गोष्ट पुढे कळवावी लागेल आणि कोणती आपल्यापाशीच राहील, हे आरंभीच स्पष्ट करणे विश्वासासाठी आवश्यक असते. निकाल बालकाच्या बाजूने लागेल, असे आश्वासनही देता येत नाही.

बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही बंदी नावापुरती न ठेवता, ज्यावरून ओळख पटेल अशा कोणत्याही तपशिलास लागू असल्याचे स्पष्ट केले. शाळा, गल्ली किंवा नातलगाचे नाव यांचाही त्यात समावेश होतो.

तस्करीची प्रकरणे

तस्करीतून सुटका झालेल्या अल्पवयीन मुलींबाबत काम अधिक गुंतागुंतीचे होते. मुलीला फसवून आणणारी व्यक्ती अनेकदा नात्यातली, गावातली किंवा प्रेमाचे नाते जोडलेली असते. त्यामुळे मुलगी तिला शत्रू मानतेच असे नाही. पोलिसांनी पकडल्यास वय वाढवून सांगण्याची शिकवण तिला आधीच दिलेली असते. सुटका करणारे पोलीसच आपल्याला अटक करत आहेत, असाही तिचा समज असतो. अशा स्थितीत तिचे पहिले मौन किंवा खोटे उत्तर हा तिच्या अविश्वासार्हतेचा पुरावा मानणे चुकीचे ठरते.

वय ठरवताना बालन्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते. ते नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि तोही नसल्यास वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. दूरच्या एखाद्या गावच्या शाळेतील नोंद मिळाली की मुलीचे अल्पवयीन असणे सिद्ध होते आणि संपूर्ण प्रकरणाची दिशा बदलते. मुलगी बंगाली, नेपाळी किंवा कन्नड बोलणारी असेल, तर कलम ३८ नुसार दुभाषी मिळवणे भाग असते. तिला घरी पाठवण्यापूर्वी कुटुंबाची चौकशी आवश्यक असते, कारण विक्रीत घरातल्याच कोणाचा हात असू शकतो.

अडचणी

बाल लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत आरोपी बहुधा ओळखीचा असतो. तो कुटुंबातील कमावता पुरुष असल्यास तक्रारीनंतर घराचे उत्पन्न थांबते आणि जबाब फिरवण्यासाठी बालकावर व आईवर दबाव येतो. साक्षीदार फितूर होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. कायद्यानुसार खटला शक्यतो एका वर्षात पूर्ण व्हावा, परंतु अनेक खटले त्याहून लांबतात. या काळात बालक मोठे होते, शाळा बदलते आणि जे विसरू पाहते तेच त्याला पुन्हा आठवावे लागते.

१६ ते १८ वयोगटातील परस्परसंमतीच्या प्रेमसंबंधांची प्रकरणेही या कायद्याखाली येतात. तेथे मुलगी स्वतःला पीडित मानत नाही आणि पालकांची इच्छा तिच्या इच्छेविरुद्ध असते. अशा वेळी सहाय्यक व्यक्तीने पालकांची नव्हे, तर बालकाची बाजू समजून घ्यावी, अशी अपेक्षा असते.

बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशासंदर्भात आदेश दिला. सहाय्यक व्यक्तीची गरज केवळ पालकांच्या मर्जीवर सोडू नये, तसेच या व्यक्तींना त्यांच्या पात्रतेला साजेसे मानधन मिळावे, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यासही न्यायालयाने सांगितले. नेमणुका अपुऱ्या असणे, एका व्यक्तीकडे अनेक प्रकरणे असणे आणि मानधन अनियमित असणे, या तक्रारी या क्षेत्रात नेहमी ऐकू येतात. अत्याचाराच्या कथा सतत ऐकल्याने कार्यकर्त्यांवरही मानसिक आघात होतो. सहाय्यक व्यक्ती काम सोडून गेल्यास बालकाला नव्या माणसावर पुन्हा विश्वास ठेवावा लागतो. म्हणून कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, मानधन आणि मानसिक आधार हे प्रश्न बालकाच्या हिताशी थेट जोडलेले आहेत.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत सिएटल येथे १९७७ मध्ये न्यायाधीश डेव्हिड सूकप यांच्या पुढाकाराने बालकांच्या हितासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमण्याची पद्धत सुरू झाली. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९८५ मध्ये पोलीस, डॉक्टर आणि समाजकार्यकर्ते यांना एकाच छताखाली आणणारे पहिले बालसहाय्य केंद्र उघडले. आइसलँडमध्ये १९९८ पासून ‘बार्नाहुस’ म्हणजे ‘मुलांचे घर’ ही व्यवस्था आहे. तेथे मुलाखत, तपासणी आणि उपचार एकाच घरगुती वातावरणात होतात. भारतात या दिशेने असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्षकेंद्रे उभारली जात आहेत. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात अशी किमान दोन केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले होते.

हे सुद्धा पहा

बालकल्याण समिती
बालन्याय अधिनियम, २०१५
अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६
चाइल्डलाइन १०९८
मनोधैर्य योजना