२४ फेब्रुवारी २०२१ : बोटांनी हेरलेली गाठ
मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा स्तनकर्करोगावरील २० वर्षांचा अभ्यास या दिवशी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकी सरकारच्या निधीतून १९९८ मध्ये सुरू झालेल्या, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या या कामात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख मुंबईकर स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोगाची माहिती दिली. उरलेल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासले. स्तनांचा एक्स-रे काढणारे मॅमोग्राफीचे यंत्र नाही, बोटांनी चाचपून गाठ शोधायची. तपासलेल्या गटातील पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. गरीब वस्त्यांसाठी हे फार मोठे काम आहे. मावशी-काकूंनो, गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.