वसतिगृहातला खोकला आणि टीबीची तपासणी
मदरसा असो की कॉलेजचं वसतिगृह, एका खोलीत सहा-आठ मुलं झोपतात, थंडीत खिडक्याही बंद. टीबीला एवढं पुरतं. फुफ्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकला की जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ राहतात. एका ताटात जेवल्याने किंवा मुसाफा केल्याने टीबी पसरत नाही. तेव्हा आजारी मुलाला दस्तरखानावरून उठवू नये, खिडकी उघडावी.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यातलं काहीही दिसलं की सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आपल्याकडे होतं काय, की आम्ही मोठी माणसंच बदनामीच्या भीतीने मुलाला गुपचूप गावी पाठवतो. मग त्याच्या खोलीतल्या मुलांची तपासणी राहूनच जाते. खरं तर ती लगेच व्हायला हवी. आजार नसला तरी गरजेप्रमाणे डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. लहानपणी बीसीजी टोचली म्हणून मोठेपणी निर्धास्त राहता येत नाही.

साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, गोळ्या सुटतात आणि पुढे औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. निक्षय पोषण योजनेतून उपचारादरम्यान आहारासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात, ते जरूर घ्यावेत. रमजानातही गोळ्या बंद करू नयेत. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत आहेच; ठेवायचाच असेल तर गोळीची वेळ आधी डॉक्टरांना विचारावी.