गुणांचे माप आणि शाळेची पत

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान पायलीने मोजण्याची चाल जुनी. पण ज्याने त्याने आपल्या सोयीची पायली घडवली, तर बाजारात तिच्यावर कोण विश्वास ठेवील? परीक्षेतल्या गुणांचेही तसेच आहे.

ही गोष्ट आजची नाही. १८६२ साली इंग्लंडात ‘निकालावर अनुदान’ अशी पद्धत सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यातही आली. तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई. जितकी मुले पास, त्या मानाने शाळेला पैसा. हेतू वाईट नव्हता. पण झाले काय? मुले घोकू लागली, आणि समजणे राहिले बाजूला. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मोडीत निघाली. निकालाचा मोह मात्र गेला नाही.

१९६६ साली आपले राज्य परीक्षा मंडळ स्थापन झाले. शिकवावे शाळेने आणि तपासावे बाहेरच्याने, हे बोर्डाच्या परीक्षेचे सूत्र. पुढे भाषाविषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण शाळेच्या हाती आले. मार्च २०१९च्या दहावीला ते काढून घेतले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांसह सर्वांत खाली होता. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरे. तरीपण ऑगस्ट २०१९मध्ये ते गुण परत देण्यात आले.

पुढे करोनामुळे २०२१ साली परीक्षाच झाली नाही. शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला ९९.९५ टक्के! तेव्हा अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारने वेगळी परीक्षा जाहीर केली. ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. पण सरकारला ती घ्यावीशी वाटली, यातच सारे आले.

आता तोंडी परीक्षा वाईट का? मुळीच नाही. मुलाला नीट बोलता आले पाहिजे. अडचण आहे ती प्रामाणिक गुरुजींची. त्यांनी २० पैकी १२ दिले आणि शेजारच्या गावात सरसकट २० मिळाले, तर नुकसान त्यांच्याच मुलांचे. म्हणून ही परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी, हे बरे.

पैसेवाल्याला शिकवणी आहे, शहर आहे. साकोली-लाखांदुराकडच्या शेतमजुराच्या पोरीजवळ मात्र एक गुणपत्रिकाच असते. तिची किंमत उतरली की त्या पोरीची मेहनत मातीमोल होते.

तेव्हा गावकऱ्यांनो, शाळेत गेलात की ‘निकाल किती टक्के लागला?’ एवढेच विचारू नका. एखाद्या मुलाला जवळ बोलवा, धडा वाचायला सांगा, आणि त्यातले काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐका. शाळेची खरी पत तिथे कळते.