नर्मदेची परिक्रमा आणि काठावरचे यजमान



अलीकडे ‘संथ प्रवास’ हा शब्द वारंवार कानावर येतो. घाई करू नका, एका गावात चार दिवस राहा, नदीकाठी निवांत बसा. कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे असा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याचे नियमही ठरलेले आहेत. तो म्हणजे नर्मदेची परिक्रमा. तिच्यामागच्या श्रद्धेवर पुष्कळ बोललं गेलं आहे. आज मी एक साधा प्रश्न घेऊन आलो आहे: हा प्रवास एवढा संथ होऊ शकला तो कुणाच्या जिवावर?

आधी थोडं गणित करू. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचच्या पुढे खंबातच्या आखातात समुद्राला मिळते. लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले की २६०० च्या वर. परंपरा सांगते, परिक्रमेला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागावेत. म्हणजे सुमारे १२०० दिवस. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो, तेव्हा तीन चातुर्मासांचे १२ महिने वजा करा. उरले साधारण ८४०. आता भागाकार करा. दिवसाला जेमतेम ३ किलोमीटर!

तीन किलोमीटर ही तासाभराची चाल झाली. मग बाकीचा दिवस जायचा कुठे? गावात. घाटावर, देवळाच्या ओसरीत, कुणाच्या तरी पडवीत. म्हणजे परिक्रमा ही जितकी चालण्याची गोष्ट, तितकीच थांबण्याची. सगळेच काही हा कालावधी पाळत नव्हते, आजही थोडेच पाळतात. पण परंपरेनं आदर्श म्हणून कोणता वेग समोर ठेवला, ते या हिशेबात दिसतं.

बाकीचे नियमही याच दिशेनं जातात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. पलीकडे मोठं तीर्थ दिसत असलं तरी नाही. त्यामुळे आपल्या काठावरचं लहानसं गाव टाळता येत नाही. दुसरा नियम म्हणजे संग्रह करायचा नाही. गाठीला काही नाही, म्हणजे मागणं आलं. ‘नर्मदे हर’ म्हणून दारात उभं राहायचं आणि मिळेल ते घ्यायचं.

आता बघा, तत्त्वज्ञानात आपण अपरिग्रहाबद्दल बोलतो तेव्हा सोडणाऱ्याकडे बघतो. पण चालणाऱ्यानं संग्रह सोडला, तर कुणीतरी त्याच्या वाटचं धान्य घरात ठेवलेलं असावं लागतं. काठावरच्या गावांनी ते ठेवलं. पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देण्याच्या प्रथेला सदावर्त म्हणतात. काही सदावर्तं संस्थानांनी चालवली, काही देवस्थानांनी, काही साध्या शेतकरी घरांनी. महेश्वरला राजधानी करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी (मृत्यू १७९५) घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रं चालवली, हे आपण शाळेत शिकतो. पण रोज संध्याकाळी अनोळखी माणसासाठी दोन भाकऱ्या जास्त थापणारी बाई कुठल्याच दप्तरात नाही.

इथे इतिहासाची अडचण सुरू होते. परिक्रमेबद्दल लिहिलं कुणी? चालणाऱ्यांनी. मराठीत गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ आहे. हिंदीत अमृतलाल वेगड आहेत. ते १९७७ पासून टप्प्याटप्प्यानं चालले. ही पुस्तकं वाचून कितीतरी मराठी माणसं काठावर गेली. पण यजमानानं लिहिलेलं परिक्रमेचं पुस्तक आपल्या कपाटात सापडत नाही.

शूलपाणीच्या झाडीचंच उदाहरण घ्या. सातपुडा आणि विंध्य जिथे नदीला दोन्हीकडून आवळतात तो हा मुलूख. इथे भिल्ल लुटतात, अंगावरचे कपडेसुद्धा ठेवत नाहीत, ही हकिकत परिक्रमावासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणायचीही रीत आहे. पण ज्याच्या घरी खायची भ्रांत, त्याच्या अंगणातून वाट जाते, तेव्हा त्याला काय वाटत असेल? त्याची बाजू ऐकल्याशिवाय ‘लूट’ या शब्दावर थांबणं हा अर्धाच इतिहास होतो.

आणि नेमकी हीच गावं पाण्याखाली गेली. वेगड निघाले तेव्हा मुख्य नर्मदेवरचं एकही मोठं धरण भरलेलं नव्हतं. पुढे जबलपूरजवळ बर्गी झालं आणि मग सरदार सरोवर. त्याची पायाभरणी १९६१ ची, लवादाचा निवाडा १९७९ चा, आणि पूर्ण उंची १३८.६८ मीटर. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले, २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. महाराष्ट्राची हद्द नर्मदेला जेमतेम ७४ किलोमीटर लागते. त्या पट्ट्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली आली. मणिबेली हे त्यांतलं नाव तुम्ही ऐकलं असेल.

गाव बुडतं तेव्हा तट वर सरकतो. चालायची जुनी वाट जाते, पायवाट डोंगरातून किंवा सडकेनं फिरते. परिक्रमा काही थांबली नाही, उलट वाढली. आता बसनं पंधरा-वीस दिवसांत ती होते. वयस्कर माणसांना हे सोयीचं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दिवसाला दीडशे किलोमीटर गेलं, की मधलं गाव फक्त खिडकीतून दिसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: संथपणा हा प्रवाशाचा एकट्याचा गुण नाही. तो काठावरच्या लोकांनी दिलेला वेळ आहे, दिलेली जागा आहे. घेणाऱ्यानं लिहिलं, देणाऱ्याचं राहून गेलं. आणि तो देणाराच विस्थापित झाला, तेव्हा त्याच्या पाहुणचारावर पुस्तकं वाचलेले आपण कितपत बोललो?

कार्तिकी एकादशी झाली की पुन्हा लोक निघतील. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, तर जिथे आसन लावाल तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुमचं गाव आधी कुठे होतं? घरी कोण कोण उतरून गेलं? घरात धान्य नव्हतं तेव्हा काय केलंत? आणि ते उत्तर, त्याची परवानगी घेऊन, त्याच्याच शब्दांत लिहून आणा. परिक्रमेचा तो अर्धा इतिहास अजून लिहायचा बाकी आहे, आणि तो सांगू शकणारी माणसं आता थकली आहेत.